छोट्या जागेसाठी वायरलेस कॅमेरे: काय बघून घ्यावे, कुठे फसगत होते

'वायरलेस' हा शब्द विक्रीत फार सैल वापरला जातो. बहुतेक वायफाय कॅमेऱ्यांची फक्त चित्र वाहून नेणारी तार गेलेली असते, विजेची तार तशीच असते. दोन्ही तारा नसलेला कॅमेरा म्हणजे बॅटरीवरचा, आणि त्याची जातच वेगळी. तो दिवसाचा बहुतांश वेळ झोपलेला असतो आणि हालचाल जाणवली की जागा होतो. हा फरक खरेदीनंतर कळला, तर अर्धे पैसे वाया गेलेले असतात.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी जागा, मग सिग्नल, मग वीज, आणि कॅमेऱ्याचे मॉडेल सर्वांत शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. चार कॅमेऱ्यांचा संच घेतात आणि मग ते लावायला भिंती शोधत फिरतात.

प्रत्येक कॅमेऱ्याला एक प्रश्न द्या

कागदावर जागेचा ढोबळ नकाशा काढा: दारे, फाटक, खिडक्या, वाहन उभे राहते ती जागा, मागची बाजू. जिथे कॅमेरा हवासा वाटतो तिथे त्याचे काम एका वाक्यात लिहा. 'कोणी आले का?' हा एक प्रश्न, 'आलेला माणूस ओळखीचा आहे का?' हा दुसरा, आणि 'अनोळखी माणसाचा चेहरा नंतर पटवता येईल का?' हा तिसरा. तिन्हींना लागणारा तपशील अगदी वेगळा असतो.

तपशील मोजायचे माप म्हणजे दृश्यातल्या एका मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात. आयईसी ६२६७६-४ या पाळत कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या पायऱ्या दिल्या आहेत. हालचाल कळायला मीटरमागे २५ पिक्सेल, काय चालले आहे ते दिसायला सुमारे ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी चेहरा पटवायला २५०.

आता हिशेब करू. २.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा आडवा साधारण १०० अंश बघतो. पाच मीटरवर त्याला जवळजवळ १२ मीटर रुंदीचे दृश्य दिसते, दहा मीटरवर २४ मीटरचे. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. म्हणजे पाच मीटरवर मीटरमागे १६० पिक्सेल आणि दहा मीटरवर फक्त ८०. चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद धरला, तर दहा मीटरवरच्या माणसाचा अख्खा चेहरा १३ पिक्सेलमध्ये बसतो. त्यावर कितीही झूम करा, ठोकळेच दिसणार. याच कॅमेऱ्याने अनोळखी चेहरा पटवायचा, तर माणूस सव्वातीन मीटरच्या आत यायला हवा.

चार मेगापिक्सेलने गणित सुधारते, पण वाटते तितके नाही. चित्राची रुंदी १९२० वरून २५६० होते, म्हणजे फक्त एक तृतीयांश वाढ. त्यापेक्षा भिंग बदलण्याचा फायदा मोठा. ६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ५२ अंश बघते. त्याला दहा मीटरवर दहाएक मीटर रुंदी दिसते आणि चार मेगापिक्सेलवर मीटरमागे २६० पिक्सेल मिळतात. म्हणून फाटक दूर असेल तर अरुंद भिंग, आणि अंगण किंवा खोली पूर्ण दिसायला हवी असेल तर रुंद भिंग. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की एकही धड होत नाही. वाहनाची नंबरप्लेट रात्री वाचणे हे तर स्वतंत्र काम आहे. दिव्यांचा झोत आणि मंद शटर यांमुळे साधा कॅमेरा तिथे फक्त पांढरा डाग दाखवतो.

उंची अडीच ते तीन मीटर ठेवावी. त्याहून वर लावला तर हाताला लागत नाही हे खरे, पण मग टोप्या आणि डोकी दिसतात, चेहरे नाहीत.

सिग्नल भिंतीवर मोजा, राउटरजवळ नाही

फोनमध्ये सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारे ॲप टाका. कॅमेरा जिथे बसणार त्याच जागी, त्याच उंचीवर, दारे-खिडक्या बंद करून मोजा. आकडे ऋण असतात, म्हणून शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ६० किंवा त्याहून चांगले असेल तर निश्चिंत राहा. उणे ६७ पर्यंत काम चालते. उणे ७० च्या खाली गेले की चित्र अडकते, आणि उणे ७५ ला कॅमेरा 'ऑफलाइन' दिसायला लागतो. काठावरचा आकडा आला, तर पाचेक डीबी कमीच धरा. फोनला हाताने फिरवून चांगली जागा सापडते, भिंतीवर ठोकलेल्या कॅमेऱ्याला ती सोय नसते.

इथे एक बारीक गोष्ट सुटते. वेब बघताना माहिती राउटरकडून फोनकडे येते. कॅमेऱ्याचे उलट असते, तो सतत राउटरकडे पाठवत असतो. राउटरचा आवाज कितीही मोठा असला, तरी त्याला कॅमेऱ्याचा बारीक आवाज ऐकू यायला हवा. म्हणून 'लांब पल्ल्याचा' राउटर आणूनही कडेचा कॅमेरा सुधारत नाही. मध्ये एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे जादा साधन) टाकला तर सुधारतो, आणि तो राउटरला तारेने जोडलेला असावा. वायफायनेच सिग्नल उचलून पुढे टाकणारा स्वस्त रिपीटर तेच चित्र हवेतून दोनदा पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

सळईचे काँक्रीट, पत्रा, पाण्याची टाकी, आरसा आणि धातूचा लेप असलेली काच हे सिग्नलचे शत्रू. पत्र्याच्या शेडच्या आत कॅमेरा हवा असेल, तर आतच ॲक्सेस पॉइंट द्यावा लागतो. शेड वेगळी आणि लांब असेल, तर समोरासमोर लावायच्या वायरलेस ब्रिजची जोडी बसवावी. दोघांमध्ये नजर सरळ पोचायला हवी, मध्ये झाड आले की पावसाळ्यात जोडणी तुटते.

वायफायच्या पट्ट्यांपैकी भिंती ओलांडायला २.४ गिगाहर्ट्झचा चांगला, पण तिथे गर्दी फार. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूला सर्वांत कमी गर्दी असलेला चॅनेल निवडून तो पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, 'ऑटो' बंद करा. राउटरने मध्यरात्री चॅनेल बदलला की काही कॅमेरे परत जोडलेच जात नाहीत. आणखी एक: कमकुवत सिग्नलचा कॅमेरा तेवढीच माहिती पाठवायला हवेतला जास्त वेळ खातो, त्यामुळे कोपऱ्यातल्या एका कॅमेऱ्यापायी बाकीचे तीनही अडखळतात. दोष चांगल्या कॅमेऱ्यात दिसतो, कारण दुसरीकडे असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वायफाय जाम करता येते, म्हणजे कोणी मुद्दाम त्याचा सिग्नल दाबून टाकू शकतो. ज्या एका जागेवर सगळी भिस्त आहे, तिथे शक्य असेल तर तारेचाच कॅमेरा लावा. नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा पीओई कॅमेरा १०० मीटरपर्यंत चालतो. बाकीचे वायफायवर असले तरी चालेल, फक्त त्यांच्यात मेमरी कार्ड असू द्या, म्हणजे जोडणी तुटली तरी चित्रण सुरू राहते.

वीज: 'दिवसा चालतो, रात्री बंद पडतो'

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिचे कारण आकड्यांत बघू. ५ व्होल्टचा कॅमेरा आहे आणि प्लगपासून पाच मीटर लांब म्हणून यूएसबीची बारीक एक्स्टेन्शन लावली. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). जाणारी आणि येणारी मिळून दहा मीटर तार, म्हणजे २.१ ओहम. दिवसा कॅमेरा ०.३ ॲम्पिअर घेतो, तारेत ०.६ व्होल्ट पडतात, कॅमेऱ्याला ४.४ मिळतात आणि तो कसाबसा चालतो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रवाह ०.७ ॲम्पिअर होतो. तारेत दीड व्होल्ट पडतात, कॅमेऱ्याला साडेतीनच उरतात. तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, दिवे लावतो, पुन्हा बंद पडतो. माणूस वायफायला दोष देत बसतो.

उपाय तीन. ॲडाप्टर कॅमेऱ्याजवळच बंदिस्त, पाणी न जाणाऱ्या डब्यात ठेवा आणि तिथपर्यंत मुख्य वीज इलेक्ट्रिशियनकडून नेऊन घ्या. किंवा जाड तार वापरा: २० गेजमध्ये याच अंतरावर रात्रीची गळती पाव व्होल्टच्या आत येते. किंवा मुळातच १२ व्होल्टचा कॅमेरा घ्या. तेवढ्याच कामाला तो निम्म्याहून कमी प्रवाह ओढतो, आणि १२ मधून अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तर त्याला फरक पडत नाही.

राउटर आणि मोडेम छोट्या यूपीएसवर घ्यायला विसरू नका. कॅमेरे बॅटरीवर असून वीज जाताच राउटर झोपला, तर सूचना येणार कुठून?

बॅटरीच्या कॅमेऱ्याचा हिशेब खोक्यावरच्या 'सहा महिने' या दाव्यावरून करू नये. समजा बॅटरी ५००० एमएएच आणि ३.७ व्होल्टची आहे, म्हणजे १८.५ वॉट-तास. जागेपणी कॅमेरा दीड वॉट खातो, प्रत्येक घटनेला २० सेकंद जागा राहतो आणि झोपेत दिवसाला ०.१२ वॉट-तास जातात. दिवसाला १० घटना असतील तर तीन महिने निघतील. ५० असतील तर जेमतेम महिना. रहदारीकडे तोंड करून लावला आणि २०० घटना झाल्या, तर दहा दिवस. कॅमेरा तोच, बॅटरी तीच, फक्त तोंड कुठे केले त्यावर नऊपट फरक. सिग्नल कमकुवत असेल तर पाठवायला वेळ जास्त लागतो आणि हे दिवस आणखी घटतात.

सौर पॅनेलने बरेच सुटते. ५ वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १० वॉट-तास सहज देते. ढगाळ आठवड्यात मात्र ते एक-दोनवर येते, आणि २०० घटनांच्या जागी तेही पुरत नाही. पॅनेल कॅमेऱ्यालाच चिकटलेले नको, वेगळ्या तारेवरचे घ्या. कॅमेऱ्याला सावली मानवते, पॅनेलला ऊन लागते. शून्य अंशाखाली तापमान जात असेल, तर लिथियम-आयन बॅटरी त्या वेळी चार्ज करू नये. बरे कॅमेरे स्वतःच चार्जिंग थांबवतात, ते आधी विचारून घ्या.

बॅटरीचे कॅमेरे बहुधा शरीराची उष्णता ओळखणाऱ्या पीआयआर सेन्सरवर जागे होतात. हा सेन्सर आडवे चालणाऱ्याला चटकन पकडतो, सरळ समोरून येणाऱ्याला उशिरा. काचेतून त्याला काही दिसत नाही, आणि हवा अंगाइतकी तापली की तो मंदावतो. त्यामुळे पायवाटेच्या टोकाला सरळ तोंड करून लावण्यापेक्षा बाजूला तिरका लावावा. जागा व्हायला लागणाऱ्या क्षणात माणूस निम्मा पुढे गेलेला असतो, म्हणून निघायच्या वाटेवरही दृष्टी असावी.

रात्रीचे चित्र

८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे लांब पोचतात, पण अंधारात किंचित लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, त्यांचा पल्ला मात्र कमी. दोन्ही चालतात. खरा त्रास परावर्तनाचा असतो. कॅमेऱ्याशेजारी पांढरी भिंत किंवा छज्जा असला, तर उजेड तिथेच आपटतो, कॅमेरा स्वतःला मंद करून घेतो आणि लांबचा माणूस काळोखात जातो. खिडकीच्या काचेमागून तर फक्त काच चमकते. तिथे इन्फ्रारेड बंद करून बाहेर वेगळा दिवा लावावा लागतो. दिव्याच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि तो एक धागा रात्रभर चमकत राहून शेकडो खोट्या सूचना पाठवतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवणे हा कामाचाच भाग समजा.

पाठीमागे उजेड असलेल्या दारासाठी डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, लागते. 'डिजिटल डब्ल्यूडीआर' वेगळे आणि सेन्सरने दोन एक्स्पोजर जोडून केलेले वेगळे. १२० डीबी असा आकडा दिला असेल, तर सहसा दुसऱ्या प्रकारचे असते. धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आयपी आकडाही बघा: बाहेर उघड्यावर आयपी६६ किंवा आयपी६७ घ्या. आडोशाला आयपी६५ पुरते.

चित्रण कुठे साठवायचे

सूत्र पाठ करण्याजोगे आहे: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर सतत चालला, तर रोज २१.६ जीबी. १२८ जीबीच्या कार्डावर पावणेसहा दिवस मावतात, मग जुने पुसले जाते. चार कॅमेरे पंधरा दिवस साठवायचे तर सुमारे १३०० जीबी, म्हणजे २ टीबीची डिस्क. एच.२६५ ही चित्रण दाबून साठवण्याची नवी पद्धत निवडली तर तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा लागते.

कार्ड घेताना 'हाय एन्ड्युरन्स' जातीचेच घ्या. साधी कार्डे रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली नसतात. ती गुपचूप मरतात: ॲपमध्ये कार्ड दिसते, पण घटनेच्या वेळचे चित्रण नसते. नकली कार्डे तर आकारच खोटा सांगतात. आल्यावर संगणकात घालून एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. कॅमेरा किती जीबीपर्यंतचे कार्ड घेतो तेही आधी बघा.

कार्डातला तोटा उघड आहे, चोराने कॅमेरा नेला की पुरावाही त्याच्याबरोबर गेला. म्हणून चित्रण दुसरीकडेही जायला हवे: आत लपवलेल्या एनव्हीआरवर (नेटवर्कवरून चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरवर) किंवा क्लाउडवर. क्लाउडसाठी इंटरनेटचा अपलोड वेग तपासा, डाउनलोड नव्हे. सिम कार्डावर चालणाऱ्या कॅमेऱ्यात १ एमबीपीएसवर तासभर थेट बघितले तर ४५० एमबी डेटा जातो. तिथे सतत बघत बसायचे नाही, सूचनांवर राहायचे.

घेताना विचारायचे आणि तपासायचे

पहिला प्रश्न: वर्गणी न भरता काय चालते? काही कॅमेऱ्यांत वर्गणी संपली की जुने चित्रण उघडत नाही, काहींत माणूस आणि मांजर यांतला फरकही ओळखला जात नाही. कार्डावरचे चित्रण वर्गणीशिवाय दिसते का, हे लेखी वाचून घ्या.

दुसरा: ऑनव्हिफ आहे का? ही २००८ साली सुरू झालेली जुळणीची व्यवस्था. 'प्रोफाइल एस' साध्या चित्रप्रवाहासाठी, 'प्रोफाइल टी' एच.२६५ सह पुढच्या सोयींसाठी. ते असेल तर उद्या दुसऱ्या कंपनीचा एनव्हीआर लावता येतो. बॅटरीच्या कॅमेऱ्यांत ते सहसा नसते, त्यांना सदा जागे राहणे परवडत नाही.

तिसरा: सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार? २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे वेबसाइटच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला झाला. म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचे दार, उघडू नका आणि यूपीएनपी, म्हणजे ते दार आपोआप उघडू देणारी सोय, बंद ठेवा.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटची अक्षरे आणि हार्डवेअर आवृत्तीसकट, लिहून घ्या. एकाच नावाखाली आतला सेन्सर बदललेला असतो, आणि परीक्षणे जुन्या आवृत्तीची असतात. दुसऱ्या प्रदेशासाठी बनवलेला माल स्वस्त मिळाला, तर वायफाय चॅनेल, ॲपमधला प्रदेश आणि वॉरंटी या तिन्हीत अडचण येऊ शकते. वापरलेला कॅमेरा घेताना विकणाऱ्याने तो स्वतःच्या खात्यातून काढलेला आहे हे समोर बघा. नुसते रीसेट केल्याने अनेक कॅमेरे जुन्या मालकाला सोडत नाहीत.

आणि चारही एकदम घेऊ नका. एकच घ्या, तो सर्वांत अवघड जागी लावा आणि परत देण्याच्या मुदतीत छळून बघा.

बसवणे आणि छळून बघणे

१. भोके पाडण्याआधी कॅमेरा टेबलावर जोडा आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातला मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करा. जोडणी होत नसेल, तर फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि कॅमेरा २.४ चा, हे पहिले कारण बघा. राउटरवर २.४ चे वेगळे नाव तयार करा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुने कॅमेरे जोडले जात नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

२. कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे उत्तम. पण पाहुण्यांच्या नेटवर्कवर साधने एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे एनव्हीआरही त्याच नेटवर्कवर हवा.

३. वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करा. विजेची वारंवारता ५० की ६० हर्ट्झ तेही बघा, चुकली तर घरातल्या दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकतात.

४. तात्पुरता बांधून एक पूर्ण रात्र चालवा. अंधारात स्वतः चालत जा, एकदा सावकाश, एकदा धावत. थांबवलेल्या चित्रात चेहरा दिसला पाहिजे, धावताना नुसता ढग नको.

५. राउटर बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा. कॅमेरा आपणहून परत यायला हवा, आणि मधली दहा मिनिटे कार्डावर असायला हवीत.

६. वायफाय सोडून मोबाइल डेटावरून ॲप उघडा.

७. शेजाऱ्याची खिडकी दृश्यात येत असेल तर प्रायव्हसी मास्क टाका, म्हणजे तेवढा भाग ॲपमधून झाका. आवाजाचे ध्वनिमुद्रण बऱ्याच ठिकाणी वेगळ्या कायद्यात येते. गरज नसेल तर मायक्रोफोन बंदच ठेवा.

८. तार खालून वर कॅमेऱ्यात जाईल अशी वळवा, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी टपकते, जोडात शिरत नाही. भिंतीतले भोकही बाहेरच्या बाजूला उतरते पाडा.

सगळे बसल्यावर महिन्यातून एकदा कालचा दिवस आणि कोणतीही एक वेळ निवडून त्या मिनिटाचे चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यातून प्रत्यक्ष बाहेर काढून बघा. ॲपवरचा हिरवा ठिपका कॅमेरा जोडलेला आहे एवढेच सांगतो, कार्डावर काही लिहिले जाते आहे की नाही ते त्याला माहीत नसते.